पणजोबांच्या वहीतला न्हावी

नारायणपेठी | रविवार, रात्री ९.४०

वाडा बिल्डरकडे जायचाय, म्हणून गेले तीन रविवार माळा उपसतोय. निम्मं भंगार निघालं, पण एका लाल बासनात पणजोबांच्या जमाखर्चाच्या सात वह्या मिळाल्या. सगळ्या मोडीत. दोन वर्षांपूर्वी हौसेने मोडीचा दहा दिवसांचा वर्ग केला होता, त्याच्या जिवावर आकडे आणि सारखे येणारे शब्द तेवढे लागतात. दूध, तेल, भाजी, टांगा, कंदिलाची काच. आणि महिन्यातून दोनदा, न चुकता: 'न्हावी, आक्का, २ आणे'.

आधी वाटलं न्हाव्याचे वेगळे आणि आक्काला दिलेले वेगळे. मग ट्यूब पेटली. आक्का म्हणजे पणजोबांची थोरली बहीण. अकराव्या वर्षी नवरा गेला, माहेरी परत आली आणि जन्मभर याच वाड्यात राहिली. तिचा एकच फोटो आहे. सगळ्यांच्या मागे उभी, पदर कपाळावर ओढलेला.

केशवपन, म्हणजे विधवेचं डोकं भादरणं, आपण सगळ्यांनी शाळेत वाचलंय, दोन मार्कांचा प्रश्न असायचा. पण ते दूध आणि तेलाच्या मधे, त्याच शाईने, त्याच सुबक अक्षरात लिहिलेलं बघितलं आणि रात्री घास उतरेना. एके ठिकाणी 'पाऊस, न्हावी नाही' अशीही नोंद आहे. म्हणजे त्याची वाट बघितली गेली.

तुमच्या घरात असं काही कागदावर आहे का? आठवणीही सांगा, पण कागद असेल तर आधी कागद.

कोथरूडची मावशी | रविवार, रात्री १०.१५

कागद नाही, डोळ्यांनी बघितलेलं आहे. वाईला माझ्या आजोळी आजीची मोठी जाऊ होती. तांबडं आलवण, म्हणजे विधवेचं लुगडं, अंगात चोळी नाही, पदर डोक्यावरून घट्ट आणि हात कायम कसल्या ना कसल्या पिठात. न्हावी मागच्या दाराने यायचा. मी सहा वर्षांची असेन, म्हणजे १९५७-५८. आम्हा मुलांना आत ओढून कडी लावून घ्यायचे. एकदा फटीतून बघितलं. ती विहिरीच्या कठड्याकडे तोंड करून बसलेली, मानेवर हात ठेवून न्हाव्याला सांगत होती, "हळू रे, मागच्या खेपेला कापलं होतंस."

भयानक काही दिसेल अशा अपेक्षेने फटीला डोळा लावला होता आणि दिसलं ते इतकं रोजचं. तेच अजून जात नाही डोळ्यासमोरून.

झणझणीत | रविवार, रात्री १०.२२

वाचतोय.

घाटावरचा | रविवार, रात्री ११.०५

राग मानू नका, पण या विषयावर पुण्यात बोलणं निघालं की आलवण, केशवपन, महर्षी कर्व्यांचा हिंगण्याचा आश्रम एवढ्यातच फिरतं. म्हणजे मूठभर जातींतल्या विधवा. आमच्याकडे साताऱ्याच्या पट्ट्यात पणजीचा पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लागला होता. पहिला नवरा प्लेगात गेला, दोन वर्षांनी दुसऱ्या घरी नांदायला गेली. पाट लागायचा रात्रीचा, वाजंत्री नाही, सवाष्णींनी तोंड बघायचं नाही. मान होता असं मुळीच म्हणत नाही. पण पुन्हा संसार होता, पोरं होती. पेशवाईत सरकार त्यावर पट्टी घ्यायचं, पाटदाम म्हणून. एका जातीत जे पाप तेच दुसऱ्या जातीत महसूल.

आता खरी गोम ऐका. आजोबांनी रान वाढवलं, घर पुढे आलं, आणि पहिली गोष्ट बंद झाली ती पाट. "आपल्यात लावत नाहीत." वरच्यांसारखं दिसायचं तर घरातली विधवा घरातच राहिली पाहिजे ना! माझी चुलत आजी बाविसाव्या वर्षी राहिली ती राहिलीच. डोकं कुणी भादरलं नाही तिचं, पण घराण्याची इज्जत तिच्या मोकळ्या कपाळावर तोलून धरली होती चाळीस वर्षं.

शास्त्रार्थ | सोमवार, सकाळी ७.५०

धागाकर्त्याच्या भावनांचा आदर आहे. पण हे सर्व परकीय आक्रमणांच्या काळातले विकार आहेत, मूळ धर्मात यातले काही नाही. स्त्रियांच्या रक्षणासाठी समाजाला काही बंधने घालावी लागली. वेदकाळात विधवेला पूर्ण सन्मान होता. इंग्रजांनी लिहिलेला इतिहास वाचून पणजोबांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये.

रानजाई | सोमवार, सकाळी ९.३०

शास्त्रार्थ, तुमचं अर्धं बरोबर आहे, आणि नेमका तोच अर्धा भाग तुम्ही नीट मांडला नाहीत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अठराव्या सूक्तात नवऱ्याच्या प्रेताशेजारी पडलेल्या बाईला म्हटलंय, 'उदीर्ष्व नार्यभि जीवलोकम्', बाई, ऊठ, जिवंतांच्या जगात ये. त्याच्या आधीच्याच ऋचेत 'अग्रे' आहे. त्याचं पुढे 'अग्ने' करून सतीला वेदाचा आधार दाखवला गेला. एका अक्षराची किंमत! पराशरस्मृतीत 'नष्टे मृते प्रव्रजिते' हा श्लोक आहे, नवरा मेला, परागंदा झाला, संन्यासी झाला तर बाईला दुसरा पती सांगणारा. त्याच श्लोकावर ईश्वरचंद्र विद्यासागर लढले.

पण आक्रमणाचं म्हणाल तर मध्य प्रदेशातला एरणचा शिलालेख इ. स. ५१० चा आहे. लढाईत पडलेल्या गोपराजाची बायको त्याच्याबरोबर अग्नीत गेली असं त्यात कोरलंय. तेव्हा कोण सुलतान होता? सातव्या शतकात बाणभट्टाने कादंबरीत नवऱ्यामागे मरण्याला चक्क मूर्खपणा ठरवलंय, म्हणजे प्रथाही होती आणि तिला शिव्या घालणाराही होता, दोन्ही घरचेच. मनूने विधवेला फुलं, मुळं, फळं खाऊन देह झिजवायला सांगितलं, परपुरुषाचं नावसुद्धा घ्यायचं नाही म्हटलं, पण डोकं भादरायला नाही सांगितलं. ते येतं स्कंदपुराणाच्या काशीखंडात: विधवेने केस बांधले की परलोकात नवरा बांधला जातो. घ्या! मेलेल्याची सुटका जिवंत बाईच्या डोक्यावर.

महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिताना हे सगळं सोलून ठेवलंय. आणि हेच काणे पंढरपूरच्या विठोबाची पूजा करायला सकेशा, म्हणजे केस राखलेल्या, विधवेला हक्क आहे म्हणून कोर्टात उभे राहिले होते, पैसे न घेता. इंग्रजांनी लिहिलेला इतिहास नाही हो हा.

मोडीवाला | सोमवार, दुपारी १.१०

नारायणपेठी, नोंदी कुठल्या शकातल्या आहेत? पानांचे फोटो टाका. सावली न पडता, सरळ वरून. मोबाइल फ्लॅश नको. सातही वह्यांची पहिली आणि शेवटची पानं आधी द्या.

शास्त्रार्थ | सोमवार, दुपारी २.००

एरणचे उदाहरण मान्य. अपवाद नियम नसतो एवढेच म्हणेन.

वकीलवाडी | सोमवार, संध्याकाळी ६.४५

माझ्या धंद्यातलं थोडं. १८५६ च्या पुनर्विवाहाच्या कायद्याचं कौतुक सगळे करतात, त्याचं दुसरं कलम कुणी वाचत नाही. विधवेने पुन्हा लग्न केलं की आधीच्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क आणि पोटगी संपली, जणू ती त्या क्षणी मेली. हे ब्राह्मण विधवेला परवडलं असं समजू, तिला आधी लग्नच करता येत नव्हतं. पण घाटावरच्या पणजीचं काय? जिथे पाट रूढीनेच चालत होता, तिथल्या बायांनाही मुंबई हायकोर्टाने हेच कलम लावलं. अलाहाबादचं हायकोर्ट उलट म्हणायचं, की जिथे रूढीनेच मुभा आहे तिथे हा कायदा आड येत नाही. म्हणजे सुधारणेच्या कायद्याने इकडच्या काही बायांचं होतं ते गेलं.

१९३७ साली नवऱ्याच्या इस्टेटीत वाटा मिळाला, पण हयातीपुरता. खा, पण विकू नका. पूर्ण मालकी १९५६ च्या वारसा कायद्याने, कलम १४. वर जो १८५६ चा सांगितला तो कायदा रद्द झाला १९८३ ला. मधे सव्वाशे वर्षं.

आणि आजही माझ्याकडे हक्कसोडपत्रावर सही करायला विधवा सुनेला घेऊन दीर येतात तेव्हा बोलणं दीरच करतात. ती खुर्चीच्या कडेवर बसलेली असते. मी सगळ्यांना बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी दहा मिनिटं बोलते. निम्म्या वेळा सही होत नाही त्या दिवशी.

नारायणपेठी | सोमवार, रात्री ९.१५

फोटो टाकलेत. शके १८३८ ते १८४४ आहे सगळं, म्हणजे १९१६ ते १९२३ च्या आसपास.

आज आत्याला फोन केला. वडिलांची थोरली बहीण, सत्त्याऐंशी चालू आहे, डोकं माझ्यापेक्षा तल्लख. म्हटलं, आक्काचं केशवपन करायचे ते तुला आठवतं का? आत्या म्हणाली, "काहीतरीच काय? आक्काच्या केसांना मी तेल लावायचे." मानेपर्यंत पांढरे केस होते म्हणे, मागे वळवलेले, बुचडा नाही. आलवण मात्र शेवटपर्यंत तांबडंच. आक्का गेली १९५१ ला, तेव्हा आत्या तेरा वर्षांची.

म्हणजे मधे कधीतरी न्हावी बंद झाला. कधी, का, आत्याला माहीत नाही. विचारलंच नाही कुणी.

बदामी एक्का | सोमवार, रात्री ११.३०

काळ बघितलात तर पुण्यात तोवर बरंच पाणी वाहून गेलं होतं. १८६९ ला मुंबईत विष्णुशास्त्री पंडितांनी पहिला गाजलेला पुनर्विवाह लावून दिला, तर पुढच्याच वर्षी पुण्यात शंकराचार्यांसमोर वाद झाला आणि सुधारक हरले. बहिष्कार, प्रायश्चित्तं, सगळं. न्यायमूर्ती रानडे याच चळवळीतले. १८७३ ला पहिली बायको गेल्यावर वडिलांनी अकरा वर्षांची मुलगी पुढे केली आणि त्यांनी मान खाली घालून लग्न केलं. त्याच मुलीने पुढे सेवासदन उभं केलं हा नशिबाचा भाग, पण त्या दिवशी रानडे कच खाल्ले ते खाल्लेच.

आगरकरांनी 'सुधारक'मधून या रूढींवर कोरडे ओढले, तर पुणेकरांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. टिळकांना मात्र सरसकट झोडू नका. १८९० मध्ये त्यांनी स्वतःहून पुढे ठेवलेल्या कलमांत चाळिशीनंतर लग्न करायचंच तर विधवेशी करावं, विधवेला विद्रूप करू नये, हे होतं. कायद्याने नको, स्वतःहून पाळू म्हणत होते. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावर मात्र तुटून पडले, ते धर्मांतराच्या मुद्द्यावर.

आणि कर्वे. ११ मार्च १८९३, शारदा सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईशी लग्न. मूळ गावी मुरुडला वाळीत टाकलं, आई भेटेना. त्यांनी काढलेल्या संस्थेचं नाव बघा कसं बदललं: आधी 'विधवाविवाहोत्तेजक मंडळी', दोन वर्षांनी 'विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी'. उत्तेजन वगैरे देत नाही हो, नुसता अडथळा काढतो! पुण्यात काम करायचं तर नाव असं मवाळ लागतं. माणूस मवाळ नव्हता. १८९६ ला अनाथ बालिकाश्रम, १९०० ला हिंगण्याच्या माळावर झोपडी, दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित आणि संध्याकाळी चिखलातून चालत हिंगणे. आज त्याच रस्त्यावर आपण सिग्नलला पाऊण तास उभे असतो.

गंजपेठ | मंगळवार, सकाळी ८.२०

एक्का, तुमच्या यादीत १८६३ कसं नाही? कर्व्यांच्या तीस वर्षं आधी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी गंज पेठेतल्या स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. कारण काय? काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा, स्वयंपाकाचं काम करणारी, एका शास्त्र्यापासून दिवस गेले, त्याने हात वर केले, तिने मूल मारून विहिरीत टाकलं आणि काळ्या पाण्याची शिक्षा भोगायला गेली. शास्त्र्याला काय झालं? काही नाही. १८८४ मध्ये सरकारला लिहिताना जोतीरावांनी सांगितलंय की तोवर ३५ गरोदर विधवा त्या घरात येऊन बाळंत झाल्या. पेठा चार पावलांवर. जिच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्या सावित्रीबाईंनी त्यांची बाळंतपणं केली. त्यातल्याच एकीचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, तो डॉक्टर झाला.

आणि न्हावी हा या धाग्याचा विषय आहे ना? मग हेही लिहा की १८९० मध्ये मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हावी जमले आणि आम्ही विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही म्हणाले. दोन आणे बुडणार होते त्यांचे. वस्तरा ज्याच्या हातात होता त्याने आधी नको म्हटलं, ज्यांच्या घरातली बाई होती त्यांनी नंतर.

ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ चं, छापलं पुण्यातच. सुरतेच्या एका विधवेला भ्रूणहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रं बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेऊ लागली, त्यावर ती बाई उसळली. नवरा मेला तर बायकोचं तोंड काळं, मग बायको मेली की नवऱ्याने मिशा भादरून रानात का जाऊ नये, असा तिचा रोख. दीडशे वर्षं होत आली, उत्तर आलं नाही.

संपादक | मंगळवार, सकाळी ११.००

दोन प्रतिसाद उडवले आहेत. जातीवरून व्यक्तिगत शेरे नकोत.

मोडीवाला | मंगळवार, रात्री १०.५०

दोन संध्याकाळी घालवल्या, वह्या सुरेख आहेत. नारायणपेठी, तुम्ही न्हाव्याकडे बघत बसलात म्हणून बाकीचं सुटलं.

'न्हावी, आक्का' ही नोंद शके १८४३ च्या आषाढ वद्य पक्षात शेवटची. त्यानंतर नाही, पुढच्या वहीतही नाही. म्हणजे १९२१ चा जुलै-ऑगस्ट. पाऊस नाही, न्हावी नाही असंही काही नाही. नुसती थांबली.

आता भाद्रपदात या. पितृपक्ष. आधीच्या पाच वह्यांत पक्षाच्या खर्चात तांदूळ, तूप, दक्षिणा, पत्रावळी एवढंच आहे. १८४३ च्या भाद्रपदात पहिल्यांदा ओळ येते: 'पक्षास सोवळ्याची बाई, ८ आणे'. तिथून पुढे प्रत्येक श्राद्धाला, आणि नवरात्रात तर नऊ दिवसांची एकदम.

आधी ते सगळं कोण रांधत होतं ते सांगायला नको. त्याची ओळ कुठे नाही, कारण पैसे पडत नव्हते.

कोथरूडची मावशी | मंगळवार, रात्री ११.२०

आई गं. बरोबर आहे. सकेशा विधवेच्या हातचा श्राद्धाचा स्वयंपाक भटजी खात नसत. डोकं केलेली ती सोवळी, तिच्या हातचा नैवेद्य चाले. आमच्या वाईच्या आजीचा स्वयंपाकघरात जो दरारा होता तो त्या एका गोष्टीवर होता, सुनासुद्धा चळाचळा कापायच्या. केस राखले की ती सत्ता गेली, वर माजघरातून हाकललं जायचं. म्हणून कित्येक जणी स्वतःच न्हाव्याला बोलवा म्हणायच्या. आम्हाला लहानपणी वाटायचं आजीच कर्मठ. अगं, तिच्याकडे दुसरं होतं काय?

पार्वतीबाई आठवल्यांचंही असंच होतं. कर्व्यांच्या बायकोची सख्खी बहीण, हिंगण्याला आश्रमाचं काम केलं, वर्गणी गोळा करायला अमेरिकेला जाऊन आल्या, पण आश्रमात आल्यावरही कित्येक वर्षं डोकं करत होत्या. केस ठेवायचं त्यांनी फार उशिरा ठरवलं. सुधारकाच्या घरातसुद्धा इतकं सोपं नव्हतं ते.

आणि ती आठ आण्यांची बाई कोण असेल, नारायणपेठी? दुसरी कुणाची तरी आक्काच की.

घाटावरचा | मंगळवार, रात्री ११.४०

मावशी, शेवटच्या ओळीने गप्प केलंत.

पंचगंगा | बुधवार, दुपारी १२.३०

मी शिरोळ तालुक्यातला, सध्या हिंजवडीत. आमच्या तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ ला ठराव केला: कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही असं करावं म्हणून परिपत्रक काढलं. टीव्हीवर फार गाजलं. चांगलंच झालं. पण माझी मामी मामाच्या दहाव्याला स्वतःच्याच हाताने बांगड्या काढून ठेवत होती. फोडायला कुणी आलं नव्हतं. मी म्हटलं, मामी राहू दे. ती म्हणाली, "राहू दे म्हणायला तू आहेस, पण उद्या विहिरीवर मी एकटी असणार."

आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये विधवांना 'गंगा भागीरथी' म्हणावं असा प्रस्ताव आला होता ते आठवतंय का? ओरडा झाला म्हणून मागे पडला. लग्नपत्रिकेत तर गं. भा. अजून छापतातच. बापाच्या नावाआधी असं काही नसतं, बायको असो नसो तो श्रीयुतच.

झणझणीत | बुधवार, दुपारी १२.५५

आमच्याकडे माझ्या लग्नात आईच्या नावापुढे 'श्रीमती' छापलं, तर काकांनी पत्रिकांवर पेनने गं. भा. करून वाटल्या. दोनशे पत्रिका. हाताने. केवढी ती जिद्द.

कोथरूडची मावशी | बुधवार, दुपारी ३.१०

आमच्या सोसायटीतलं सांगते. यजमान जाऊन चार वर्षं झाली. संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं व्हॉट्सॲपवर सगळ्यांना एकत्र येतं, त्यामुळे मलाही येतं. गेले. वाण सगळ्यांना एकसारखं दिलं, तिळगूळ दिला, अत्तर लावलं. कुंकवाचं बोट माझ्यापाशी आलं तेव्हा त्या सुनबाईचा हात एवढासा हवेत थांबला. मुलगी चांगली आहे, आयटीत आहे, माझा अपमान करायचं तिच्या मनातही नसणार. तिला बिचारीला कळेना मला काय आवडेल. मीच तिचा हात धरून टेकवला कपाळाला. बाजूला दोघीतिघी इतक्या जोरात बोलायला लागल्या म्हणता, पाककृती, ट्रॅफिक, काहीही!

यजमान असताना मी हेच करत आले हो. सवाष्ण जेवायला बोलावताना यादीतून कोण गाळायची ते मला तोंडपाठ होतं. अविधवा नवमीला नवऱ्याआधी गेलेल्या सासूबाईंचं करायचे, आणि मनातून हेवा वाटायचा. भरल्या कपाळाने गेल्या म्हणून.

शास्त्रार्थ | बुधवार, संध्याकाळी ५.३०

मावशी, माझी आई गेली सहा वर्षे आमच्या घरच्या मंगलकार्यात मागच्या खोलीत बसते. तिला कुणी सांगितलेले नाही, ती आपण होऊन जाते असे मी समजत होतो. पुढच्या महिन्यात मुलीचे डोहाळजेवण आहे. पहिली ओटी आईने भरावी असे सुचवणार आहे. ती काय म्हणेल ठाऊक नाही.

कोथरूडची मावशी | बुधवार, संध्याकाळी ५.४५

सुचवू नका. नारळ हातात द्या.

गुहागरकर | बुधवार, रात्री ८.४०

उशिरा आलो. वह्यांचे फोटो बघत होतो, पोरवयात आजोबांकडून थोडी मोडी शिकलोय. १८४३ मार्गशीर्ष शुद्ध पक्षातली एक ओळ मला 'फणस २, ५ आणे' लागते. तुमचे पणजोबा मूळ कोकणातले दिसतात, पुण्यात बसून फणस खातायत.

मोडीवाला | बुधवार, रात्री ९.०५

फणस मार्गशीर्षात? गुहागरला येत असेल तर कळवा, मी येतो.

शेवटचं अक्षर 'स' नाही. वरची रेघ आधी मारून त्याखाली लिहीत गेलेत, त्यामुळे वेलांटीचा फराटा खाली उतरून 'स'सारखा दिसतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ बघत नाहीत. 'फणी २' आहे ते. मागच्या पानावर 'तपकिरीची डबी' लिहिलंय, त्यातली वेलांटी ताडून बघा.

गुहागरकर | बुधवार, रात्री ९.२०

मान्य. फणीच.

वकीलवाडी | बुधवार, रात्री ९.३५

नारायणपेठी, त्या वेळी घरात बायका किती होत्या?

नारायणपेठी | बुधवार, रात्री १०.३०

आत्ता आत्याला विचारलं. १९२१ ला घरात पणजोबा, पणजी, आक्का आणि तीन मुलगे. मुली नव्हत्या. आजोबांचं लग्न नंतर झालं, म्हणजे सूनही नाही. विंचरण्याजोग्या केसांची बाई पणजी एकटीच.

मोडीवाल्यांचं म्हणणं आषाढानंतर न्हावी नाही. आषाढ ते मार्गशीर्ष चारपाच महिने. तेवढ्यात केस किती वाढतात ते तुम्हीच मोजा.

घाटावरचा | बुधवार, रात्री १०.४०

किंवा पणजीची मोडली असेल आणि एक जादा घेऊन ठेवली. उगाच पणजोबांना सुधारक करू नका. आठ आण्याची बाई तर लावलीच ना त्यांनी, आक्काच्या हातचं चालेना म्हणून.

नारायणपेठी | बुधवार, रात्री १०.५५

असेलही. पणजोबा घाबरटच असावेत, गल्लीतले लोक काय म्हणतील ते बघणारे. पण सात वह्या मोडीवाल्यांनी चाळल्यात, त्यात फणी एवढी एकदाच आहे.

आत्याला हे सांगितलं तर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, शिसवी होती, एका बाजूचे दोन दात तुटलेले, आक्का गेल्यावर तिच्या आलवणाबरोबर गाठोडं बांधून कुणीतरी कुठेतरी ठेवली. माळ्यावर बघ.

माळा तीन चतुर्थांश झालाय. बिल्डरचा माणूस शनिवारी येणार आहे.

मोडीवाला | बुधवार, रात्री ११.००

शनिवारी सकाळी मी मोकळा आहे. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा. मास्क आणतो, धूळ असेल.